चिखलात निघेल, हायवेवर टिकेल : पिकअपसाठी टायर निवडण्याचा क्रम

टायरच्या दुकानात गेल्यावर बहुतेक जण आधी नक्षी बघतात, मग भाव विचारतात आणि शेवटी बसवायला सांगतात. या टायरवर वजन किती पडणार, हा प्रश्न मध्ये कुठेच येत नाही. पावसाळ्यातल्या दहा-पंधरा चिखलाच्या दिवसांसाठी जाड बटणांचा एमटी टायर घेतला जातो आणि वर्षाचे बाकीचे दिवस तो लातूर-सोलापूर किंवा जालना-संभाजीनगर रस्त्यावर झिजत, गुरगुरत, तापत राहतो. उलटही होतं. गुळगुळीत रिब टायरवर (लांब सरळ पट्ट्यांच्या नक्षीच्या) पाणंदीत शिरलेली गाडी ट्रॅक्टर बोलावल्याशिवाय बाहेर निघत नाही.

बरोबर क्रम असा: आधी वापर मोजायचा, मग वजन, मग आकार, मग बांधणी आणि नक्षी सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडला की पैसे जातातच, आणि मे महिन्याच्या उन्हात भरल्या गाडीचा मागचा टायर 80 च्या वेगाला फुटला तर पैशापेक्षा मोठं नुकसान होतं.

## टप्पा 1 : पंधरा दिवस किलोमीटर लिहा

ड्रायव्हरजवळ एक छोटी वही द्या. प्रत्येक फेरीला तीन आकडे लिहायचे: डांबर किंवा काँक्रीटवर किती किलोमीटर, मुरूम-खडीवर किती, मातीत किती. पुढे गाडी भरलेली होती की रिकामी, तेही लिहायचं.

अंदाजाने सांगितलेले आकडे नेहमी चुकतात. "रोज शेतात जावं लागतं" हे खरंच असतं, पण मोजल्यावर दिसतं की शेतातली वाट येऊन-जाऊन 4 किलोमीटर आहे आणि बाजार समितीपर्यंतचा हायवे 90. चिखलाचा त्रास लक्षात राहतो, हायवेवरची झीज लक्षात राहत नाही.

वहीवरून ढोबळ निर्णय असा घ्यावा (एचटी, एटी, एमटी म्हणजे काय ते यादीखाली आहे):

- दहापैकी आठ किंवा जास्त किलोमीटर पक्क्या रस्त्याचे: हायवेकडे झुकणारा एटी, नाहीतर सरळ एचटी.
- सहा ते आठ पक्क्या रस्त्याचे, बाकी मुरूम, खडी, माती: एटी. मराठवाड्यातल्या बहुतेक पिकअप याच गटात येतात.
- निम्म्याहून जास्त कच्च्यावर आणि वेग क्वचितच 60 च्या वर: तेव्हाच एमटीचा विचार.

एचटी म्हणजे हायवेसाठीची बारीक, जवळजवळ कापलेली नक्षी. एटी म्हणजे मधली. एमटी म्हणजे मोठी बटणं आणि त्यांच्यात रुंद मोकळ्या जागा. नव्या टायरच्या नक्षीची खोली एचटीत साधारण 8 मि.मी., एटीत 10 ते 12 आणि एमटीत 14 ते 16 असते.

तपासा : तुमची माती कुठली? पाऊस पडून गेल्यावर, जिथे गाडी नेहमी रुतते तिथे पहार दाबून बघा. 15-20 सेंटिमीटरवर खाली मुरूम किंवा खडक लागला, जसा बालाघाटच्या माळरानावर लागतो, तर तिथे अरुंद टायर चांगला. तो वरचा चिखल कापून खालच्या कडक थराला पकडतो. गोदाकाठच्या खोल काळ्या मातीत पहार फूटभर सहज आत जात असेल, तर खाली पकडायला काही नाही. तिथे रुंद टायर थोडा तरंगतो, पण दोन चक्करांत त्याची नक्षी काळ्या मातीने लिंपली जाते आणि टायर गोटा होतो. एमटीसुद्धा. कुठल्याही कंपनीचा टायर ओल्या खोल काळ्या रानात भरली गाडी नेण्याची खात्री देत नाही. तिथे वापसा येईपर्यंत थांबणं किंवा माल ट्रॅक्टरने बांधावर आणणं हाच उपाय. हे आधीच मान्य केलं, तर त्या चार दिवसांसाठी वर्षभराचा चुकीचा टायर घेण्याची वेळ येत नाही.

## टप्पा 2 : गाडी वजनकाट्यावर न्या

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. नेहमीचा जास्तीत जास्त माल भरा, डिझेलची टाकी भरलेली ठेवा, ड्रायव्हर आणि हमाल बसलेले असू द्या. मग:

1. पूर्ण गाडी काट्यावर घेऊन एकूण वजन लिहा.
2. गाडी पुढे घेऊन फक्त मागची चाकं काट्यावर ठेवा आणि वजन लिहा. पुढची चाकं काट्याच्या पातळीतच असली पाहिजेत. ती उतारावर असतील तर आकडा चुकतो.
3. मागच्या वजनाला दोनने भागा. तेवढं वजन एका मागच्या टायरवर आहे.
4. त्यात 10 ते 15 टक्के मिळवा. माल कधीच अगदी मध्यावर नसतो, खड्ड्यात आणि वळणावर एका बाजूचा भार अचानक वाढतो.

उदाहरण घ्या. मागच्या एक्सलवर 1,900 किलो आले, तर एका टायरवर 950. त्यात 15 टक्के मिळवले की साधारण 1,090 किलो. आता टायरच्या कडेवर लिहिलेला लोड इंडेक्स बघायचा. त्याचे उपयोगी आकडे असे:

- 100 : 800 किलो
- 104 : 900 किलो
- 106 : 950 किलो
- 108 : 1,000 किलो
- 110 : 1,060 किलो
- 112 : 1,120 किलो
- 114 : 1,180 किलो
- 116 : 1,250 किलो

म्हणजे या गाडीला 10 टक्क्यांच्या हिशोबाने 110 किमान, 15 टक्क्यांच्या हिशोबाने 112 चांगला. कागदावर 106 सुद्धा "बसतो", पण त्यात काहीच राखीव उरत नाही.

आता नेहमीचा सापळा. 215/75 आर15 या एकाच आकारात 100 इंडेक्सचा प्रवासी गाड्यांचा एटी मिळतो आणि एलटी, म्हणजे हलक्या मालगाडीच्या, बांधणीचा 106 चाही मिळतो. बाहेरून दोन्ही सारखे, आणि 100 वाल्याची नक्षी अनेकदा जास्त देखणी असते. फरक एका टायरमागे 150 किलोचा, म्हणजे मागच्या एक्सलवर 300 किलोचा, म्हणजे सोयाबीनचे 50 किलोचे सहा कट्टे. एसयूव्हीसाठी बनलेला टायर पिकअपच्या मागे बसवला की तो चालतो, तापतो आणि एके दिवशी कडेला फुगा येतो. दोष मात्र कंपनीच्या नावावर जातो.

106/103 असे दोन आकडे असतील तर पहिला एका बाजूला एकच चाक असताना लागू, दुसरा जोडचाक असताना. आकड्यापुढचं अक्षर वेगाची मर्यादा सांगतं: एन म्हणजे ताशी 140 किलोमीटर, पी 150, क्यू 160, आर 170, एस 180. मालवाहू पिकअपला यातलं कुठलंही पुरतं. त्यामुळे वेगाच्या अक्षरासाठी जादा पैसे मोजू नका, वजनाच्या आकड्यासाठी मोजा.

सावध : जास्त इंडेक्सचा टायर बसवला म्हणून गाडीची क्षमता वाढत नाही. आरसीवर लिहिलेलं एकूण वजन तेच राहतं. पाटे, एक्सल, ब्रेक काहीही बदललेलं नसतं. काट्यावर आरसीपेक्षा जास्त आकडा आला, तर उत्तर मालात आहे, टायरमध्ये नाही.

## टप्पा 3 : आकार

आधी ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात दिलेला आकार बघा. सध्या बसवलेल्या टायरवरचा आकार खरा मानू नका. आधीच्या मालकाने काय बसवलं असेल ते सांगता येत नाही.

मोठा टायर घेण्याचा मोह जमिनीपासूनच्या उंचीसाठी होतो. हिशोब करून बघा. 215/75 आर15 ची एकूण उंची सुमारे 703 मि.मी., 235/75 आर15 ची सुमारे 733. फरक 30 मि.मी., पण एक्सल वर उचलला जातो निम्मा, म्हणजे दीड सेंटिमीटर. या दीड सेंटिमीटरसाठी जे द्यावं लागतं ते असं:

- स्पीडोमीटर 80 दाखवेल तेव्हा गाडी खरी 83 च्या वर असेल.
- इंजिनाची ओढ सुमारे 4 टक्क्यांनी कमी होते. भरल्या गाडीने मांजरसुंब्याचा किंवा औट्रमचा घाट चढताना एक गिअर आधी उतरावा लागतो.
- चाकाभोवतीची मोकळी जागा कमी होते.

तिसऱ्या मुद्द्यावर इथे थोडं थांबायला हवं, कारण आपल्या भागात तोच सगळ्यात नडतो. काळी माती काडीकचऱ्यासकट टायरला चिकटते आणि मडगार्डच्या आत थरावर थर बसत जाते. टायर आणि मडगार्डमधलं अंतर कमी असेल तर माती तिथे ठासून भरते आणि चाक फिरायचंच बंद होतं. उंचीसाठी घेतलेला मोठा टायर याच कारणाने मूळ टायरपेक्षा लवकर अडकतो. मातीचं काम जास्त असेल तर मूळ आकारच ठेवा आणि वरची जागा मोकळी राहू द्या.

तरीही मोठा आकार घ्यायचाच असेल, तर कंपनीने तुमच्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकाराला दिलेल्या आकारापलीकडे जाऊ नका. त्यापलीकडे फिटनेसच्या वेळी आणि विम्याच्या दाव्याच्या वेळी प्रश्न उभे राहतात. रिमची रुंदीही जुळली पाहिजे. रिमवर 5.5 जे × 15 असं कोरलेलं असतं. 235/75 आर15 ला किमान 6 इंच रुंद रिम लागते. अरुंद रिमवर तो बसवला की मधला भाग फुगतो, कडा जमिनीला नीट टेकत नाहीत आणि मधूनच झिजतो.

तपासा : विकत घेण्याआधी एक टायर तात्पुरता पुढे बसवून स्टेअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा. मग तोच टायर मागे बसवून गाडी भरलेली असताना पाटा, मडगार्ड आणि हौदा यांच्यापासूनचं अंतर बघा. रिकाम्या गाडीत मोकळा वाटणारा टायर भरल्यावर खड्ड्यात घासतो.

## टप्पा 4 : बांधणी

रेडियल की नायलॉन. हायवेवर रोज जाणाऱ्या गाडीला रेडियल. त्याची जमिनीला लागणारी बाजू स्टीलच्या पट्ट्यांची असते, कमी तापतो, जास्त किलोमीटर देतो. नायलॉन टायरची कड जाड आणि दगडाला दणकट असते, पण वेगात आणि उन्हात तो लवकर तापतो. वीटभट्टी, खदान, उसाचा फड एवढ्यातच फिरणाऱ्या, कमी वेगाच्या गाडीला नायलॉन चालतो. एकाच एक्सलवर एक रेडियल आणि एक नायलॉन कधीही नको. नाइलाजाने पुढे-मागे वेगळे ठेवावे लागले तर रेडियल मागे.

पीआर, म्हणजे प्लाय रेटिंग. 6 पीआर, 8 पीआर हे टायरच्या ताकदीचे दर्जे आहेत, आत मोजून तेवढे थर असतात असं नाही. काही टायरवर हेच अक्षराने लिहितात: सी म्हणजे 6, डी म्हणजे 8, ई म्हणजे 10. भरून चालणाऱ्या पिकअपला 8 पीआर हा साधारण आधार धरा, पण अंतिम शब्द लोड इंडेक्सचा.

कड. मराठवाड्यात टायर तळापेक्षा कडेने जास्त मरतो. तुरीची आणि कपाशीची धसकटं कापणीनंतर तिरकी आणि टोकदार उभी असतात. त्यांच्यावरून गाडी गेली की ती तळाऐवजी कडेत घुसतात. बांधावरचा काळा दगडही तेच करतो. तळाचं पंक्चर निघतं, कडेचं निघत नाही. त्यामुळे दुकानात कडेवरची ओळ वाचा. अनेक टायरवर तळात किती थर आणि कडेत किती, हे वेगवेगळं लिहिलेलं असतं. कडेत एकाऐवजी दोन किंवा तीन थर असलेला टायर थोडा महाग आणि जड असतो, पण रानात जाणाऱ्या गाडीला तेच पैसे लागू पडतात.

ट्यूब की ट्यूबलेस. बाभळीच्या काट्यांच्या वाटेला ट्यूबलेस चांगला. काटा रुतला तरी हवा हळूहळू जाते, गावापर्यंत पोचता येतं. पण रिम ट्यूबलेसची असली पाहिजे. तिच्या आतल्या बाजूला कड धरून ठेवणारा उंचवटा असतो. जुन्या लोखंडी रिमला गंज किंवा वाक असेल तर हवा रोज थोडी थोडी गळते. आणि ट्यूबलेस टायरमध्ये "तात्पुरती" ट्यूब टाकून महिनोन् महिने फिरू नका. ट्यूब आणि टायर एकमेकांवर घासून तापतात, आणि ट्यूब फुटली की हवा एकदम जाते.

## टप्पा 5 : आता नक्षी

वरचे चार टप्पे झाल्यावर समोर दोन-तीनच टायर उरतात. त्यांच्यात निवड करताना हे बघा:

मधली बटणं एकमेकांना जोडलेली आहेत का? हायवे जास्त असेल तर मध्यावर सलग किंवा जवळजवळ सलग पट्टा हवा. सुटी उंच बटणं वेगात लचकतात, त्यातून आवाज येतो आणि बटणाची एक कड आधी झिजून करवतीसारखी होते.

कडेच्या खाचा उघड्या आहेत का? चिखल बाहेर फेकला जायला खाच बाहेरच्या बाजूला मोकळी हवी. आत बंद होणारी खाच पहिल्या चक्करीतच भरते.

खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे आहेत का? ते खडी रुतू देत नाहीत. रुतलेली खडी चालता चालता खाली दाबली जाऊन स्टीलच्या पट्ट्यापर्यंत भोक पाडते. खडी टाकलेल्या अर्धवट रस्त्यांची आपल्याकडे कमी नाही, म्हणून हे बारीकसं चिन्ह नक्की शोधा.

बटणांवर बारीक चिरा आहेत का? ओल्या डांबरावर पकड या चिरांमुळे मिळते. एमटीत त्या फार कमी असतात आणि ओल्या हायवेवर ब्रेक लावल्यावर गाडी लांब जाऊन थांबते.

कडेवर एम+एस लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबू नका. ते नक्षीच्या रचनेवरून दिलेलं अक्षर आहे, चिखलाच्या परीक्षेचं प्रमाणपत्र नाही.

पुढे रिब आणि मागे लग (आडव्या जाड बटणांचा टायर) ही मालगाडीची जुनी पद्धत मागच्या चाकांवर चालणाऱ्या पिकअपला आजही चालते. पण मागे फार उग्र नक्षी आणि पुढे चांगली पकड, असं केलं की पावसात रिकाम्या गाडीची मागची बाजू वळणावर घसरते. रिकाम्या पिकअपच्या मागे वजनच नसतं. म्हणून मागे एमटी टाकण्याऐवजी चारही एटी हा जास्त सुरक्षित मार्ग.

फोर बाय फोर असेल तर : चारही टायर एकाच आकाराचे, एकाच नक्षीचे आणि सारख्या झिजेचे हवेत. पुढच्या-मागच्या चाकांचा घेर वेगळा असेल तर फोर बाय फोर लावल्यावर ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर, ताण येतो. आणि लिव्हर टाकून लागणारा फोर बाय फोर कोरड्या डांबरावर लावायचाच नाही.

## टप्पा 6 : दुकानात, पैसे देण्याआधी

1. तारीख. कडेवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. 2324 म्हणजे 2024 चा 23 वा आठवडा. वर्षापेक्षा जुना टायर असेल तर दुसरा मागा. कमी खपणाऱ्या एटी आणि एमटी आकारांत जुना माल जास्त पडून असतो, म्हणून चारही टायरची तारीख वेगवेगळी वाचा.
2. आयएसआय खूण. प्रवासी गाड्यांच्या टायरवर आयएस 15633, मालवाहू गाड्यांच्या टायरवर आयएस 15636. 2009 च्या गुणवत्ता आदेशानंतर ही खूण बंधनकारक आहे, बाहेरून आलेल्या टायरलाही. पिकअपसाठी घेताना कुठला क्रमांक आहे ते बघितलं, की टप्पा 2 मधला सापळाही इथे पकडला जातो.
3. लोड इंडेक्स पुन्हा. बिलावर आकार, इंडेक्स आणि टायरचे क्रमांक लिहून घ्या. वॉरंटीच्या वेळी नुसतं "टायर 4 नग" कामाला येत नाही.
4. पाचवा टायर. स्टेपनी त्याच आकाराची हवी. रानात टायर कडेने फाटला की स्टेपनीवरच उरलेलं हायवेचं अंतर कापायचं असतं.

चारचे पैसे नसतील आणि दोनच घ्यायचे असतील, तर नवे दोन मागे. नवे पुढे लावायची सवय आहे, पण मागची पकड सुटली की गाडी ड्रायव्हरच्या हातात राहत नाही. पुढे रिमोल्ड टायर (जुन्यावर नवी नक्षी चढवलेला) नको. उन्हाळ्यात हायवेवर भरून चालणाऱ्या गाडीला मागेही नको.

## टप्पा 7 : बसवताना उभं राहून बघा

रिमची कड तारेच्या ब्रशने साफ करायला सांगा. ट्यूबलेसला नवा व्हॉल्व्ह टाकून घ्या. टायर चढवायला साबणाचं पाणी चालतं, ग्रीस किंवा ऑइल नको. ते रबर खातं आणि ब्रेक लागल्यावर टायर रिमवर सरकतो. दिशेचा बाण असेल तर तो पुढे फिरण्याच्या बाजूला आहे ना, ते चारही चाकांवर बघा.

नट आधी हाताने, मग समोरासमोरचे आळीपाळीने घट्ट करायचे. मशीनने एकदम आवळू देऊ नका. शेवटची पकड पान्याने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या जोराइतकी. पहिल्या 50 ते 100 किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासा. त्यानंतर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट. पहिले 300 किलोमीटर जोराचे ब्रेक आणि पूर्ण भार टाळा. नव्या रबरावरचा गुळगुळीत थर तेवढ्यात निघतो.

## टप्पा 8 : हवा

निवड अगदी बरोबर झाली तरी टायर मरतो तो बहुतेक हवेने. स्वतःचा गेज घ्या. पंपावरचे गेज एकमेकांशी जुळत नाहीत.

हायवे, भरलेली गाडी. कंपनीने भरलेल्या गाडीसाठी दिलेला आकडा घ्या. पुढचा आणि मागचा वेगळा असतो आणि मागचा बराच जास्त असतो. कडेवर लिहिलेला सर्वाधिक दाबाचा आकडा ही टायरची मर्यादा आहे, रोज भरायची हवा नाही. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजायची.

हवा कमी असली की कड प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकण्यातून उष्णता तयार होते, रबर आणि स्टीलचा पट्टा यांची पकड सुटते. एप्रिल-मेमध्ये हवाच 40 अंशांच्या वर असते, रस्ता त्याहून कितीतरी तापलेला. त्यात भार आणि सलग वेग. समृद्धीसारख्या न थांबता धावायच्या रस्त्यावर टायरला गार व्हायला संधीच मिळत नाही. टायर काँक्रीटमुळे फुटला असं म्हटलं जातं. बघायला गेलं तर कमी हवा, जादा माल किंवा म्हातारं रबर यांपैकी काहीतरी आधीपासून असतं.

सावध : गरम टायरची हवा काढू नका. चालल्यावर दाब 4-6 पीएसआयने वाढणारच. तो कमी केला तर गार झाल्यावर टायर मऊ पडतो आणि पुढच्या फेरीला आणखी तापतो. वाढ 15 टक्क्यांपेक्षा जास्त दिसली तर मात्र हवा न काढता माल आणि सकाळची हवा तपासा.

ऋतू बदलला की पुन्हा मोजा. 35 पीएसआयच्या टायरमध्ये तापमान 6 अंशांनी उतरलं की साधारण 1 पीएसआय कमी होतो, 60 च्या टायरमध्ये त्याहून जास्त. ऑक्टोबरच्या उन्हात भरलेली हवा डिसेंबरच्या परभणीच्या थंडीत पुरत नाही.

चिखल, रिकामी गाडी. हवा 20-22 पीएसआयपर्यंत उतरवली तर टायर पसरतो आणि पकड वाढते. तीन अटी: गाडीत 12 व्होल्टचा हवेचा पंप असला पाहिजे, वेग ताशी 20-25 च्या वर जाता कामा नये आणि स्टेअरिंग झटक्यात वळवायचं नाही, नाहीतर टायर रिमवरून सुटतो. पंप नसेल तर हवा उतरवूच नका. "डांबरी लागली की पुढच्या गावात भरू" म्हणत उतरलेल्या हवेवर केलेले दहा किलोमीटर टायरची कड आतून संपवतात, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

चिखल, भरलेली गाडी. हवा उतरवायची नाही. आधी माल कमी करा.

## टप्पा 9 : रानातून हायवेला लागताना

डांबरीवर चढण्याआधी पाच मिनिटं थांबा. खाचांमधली माती आणि खडी स्क्रू ड्रायव्हरने काढा. रिमची आतली बाजू बघा. तिथे एका जागी दोन-तीन किलो माती वाळून बसली की 60-70 च्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं. लोक पुन्हा बॅलन्सिंगचे पैसे देतात, खरं तर पाण्याचा फवारा पुरतो. मडगार्डच्या आतली ढेकळंही काढा. ती हायवेवर पडली की मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या चाकाखाली येतात.

महिन्यातून एकदा चारही टायरच्या दोन्ही कडांवरून हात फिरवा, आतल्या बाजूनेही. फुगा, चीर किंवा आतला धागा दिसला तर तो टायर त्या दिवसापासून हायवेला नको. दर 8,000 ते 10,000 किलोमीटरला टायरची अदलाबदल करा. एटीत हे चुकवलं की मागचे मधून आणि पुढचे कडेने झिजतात, मग आवाज सुरू होतो आणि तो नंतर अदलाबदल करूनही जात नाही.

झीज वाचायला शिका. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. मधला भाग झिजला तर हवा जास्त, किंवा रिम अरुंद. एकच कड झिजली तर अलाइनमेंट. ठिकठिकाणी खड्डे पडले तर शॉक अॅब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग.

खाचेतल्या झीज दाखवणाऱ्या 1.6 मि.मी. च्या उंचवट्याला नक्षी टेकली की कायद्याने टायर संपला. पण दोन्हीकडे चालणाऱ्या गाडीने तिथपर्यंत थांबू नये. नक्षी 5 मि.मी. च्या खाली गेली की चिखलात एटीचा उपयोग उरत नाही, आणि 3 मि.मी. च्या खाली पावसातल्या हायवेवर पाण्याचा थर कापला जात नाही. म्हणून 5 मि.मी. ला आलेला जोड मे महिन्यात बघून ठेवा आणि नवे टायर मृगाच्या आधी बसवून घ्या. पहिल्या पावसानंतर सगळे एकदम दुकानात येतात आणि तुमच्या लोड इंडेक्सचा टायर शिल्लक नसला की "हा पण चालतो" म्हणून 100 चा गळ्यात पडतो.